तांबट मॅडमचं ‘असेल’

तांबट मॅडम आयुष्यात कधी कुणाला ‘चूक’ म्हणाल्या नाहीत. त्या ‘असेल’ म्हणायच्या. चार महिने घाम गाळून काढलेला आलेख समोर ठेवला की त्या चष्मा कपाळावर ढकलायच्या, कागद नाकाशी धरायच्या, वरून खाली एकदा बघायच्या आणि परत देताना म्हणायच्या, “असेल.” आवाज चढलेला नाही, कपाळाला आठी नाही. पण त्या एका शब्दात तुमची घाई, तुमचा आळस आणि तुम्हाला एम.एस्सी. देऊन मोकळं झालेलं विद्यापीठ, असे तिघेही एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहायचे. मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. तेवढ्या काळात ‘असेल’ किती मिळाले याचा हिशेब नाही. ‘आहे’ मात्र बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एक ‘पंखा चालू आहे, बंद कर’ असा होता.

तांबट हे त्यांचं आडनाव नव्हे. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत, त्यांनी सारी नोकरी तांब्याच्या संयुगांवर काढली, म्हणून कुठल्यातरी जुन्या बॅचने हे नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की ऑफिसातला क्लार्कसुद्धा पाकिटावर तेच लिहायचा. एकदा नव्याने लागलेल्या एका प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये गोड आवाजात विचारलं, “मॅडम, तांबट म्हणजे तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?” सुशिक्षित माणसं जात अशी गाव विचारत विचारत काढतात. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, “मी विदर्भातली. आमच्या घरी तांब्याचं एक भांडं नव्हतं, सगळी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. बौद्ध आहे मी. सांगायला मला संकोच नाही, सरळ विचारायला तुम्हाला का वाटतो?” ते प्राध्यापक पुढे वर्षभर दुसऱ्या जिन्याने वर यायचे.

काम सांगायला सोपं होतं. एका रेणूत तांब्याचे दोन अणू आणि त्यांना जोडणारे ऑक्सिजनचे पूल. प्रत्येक तांब्याकडे एक एकटा इलेक्ट्रॉन, म्हणजे एक इवलंसं चुंबक. आता ही दोन चुंबकं एकाच दिशेला तोंड करतात की विरुद्ध, एवढाच प्रश्न. ते बरंचसं ठरतं पुलाच्या कोनावर. आमच्या प्रकारच्या संयुगांत ऑक्सिजनपाशी होणारा कोन साधारण साडेसत्त्याण्णव अंशांपेक्षा मोठा असेल तर दोघं विरुद्ध, लहान असेल तर एकाच दिशेला. हा नियम जगात लोकांनी आधीच तपासून ठेवला होता. मॅडम त्यात दरवर्षी एखाद-दुसऱ्या संयुगाची भर घालायच्या. पहिल्या सेमिनारला मी मोठ्या उत्साहाने सुरुवात केली होती, “समजा, एका चाळीत दोन शेजारी आहेत...” मागच्या बाकावरून आवाज आला, “तांब्याला शेजारी नसतात. कोन सांग.” मला कोन पाठ नव्हता. मी खाली बसलो.

याचा उपयोग काय, हे त्यांना सगळेच विचारायचे. तपासणीला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनीही विचारलं. मॅडम म्हणाल्या, “अजून तरी काही नाही. तुमच्या अहवालाचा आहे का?”

या समित्या म्हणजे आमच्या विभागप्रमुखांचा प्राण. आम्ही त्यांना कमिटी सर म्हणायचो. रसायनशास्त्राशी त्यांचा शेवटचा संबंध कधी आला होता हे कुणाला आठवत नव्हतं, पण समिती येणार म्हटलं की त्यांच्या अंगात संचारायचं. मग मालाडहून प्लॅस्टिकची झाडं यायची, भिंतीवर लॅमिनेट केलेली पोस्टरं लागायची, आणि फुटक्या काचसामानाच्या खोलीच्या दारावर ‘प्रगत संशोधन केंद्र’ अशी पितळी पाटी चढायची. समिती काजूकतली खाऊन, झाडांसोबत फोटो काढून जायची. पाटी मात्र राहिली. पुढची पाच वर्षं आम्ही प्रगत संशोधन केंद्रातून फुटके बीकर काढत होतो.

मॅडमचा तिरस्कार एवढ्यापुरता नव्हता, त्याला शिस्त होती. मसुद्यात कुठेही ‘अभिनव’ किंवा ‘प्रथमच’ असा शब्द दिसला की त्या लाल पेनाने खोडायच्या. “नवीन असलं तर वाचणाऱ्याला कळेल. तू ओरडून सांगितल्याने ते नवीन होत नाही, परब.” परब म्हणजे मी. आणि एक गोष्ट त्या दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना न चुकता सांगायच्या. त्यांचे वडील धान्यबाजारात हमाल होते. ते म्हणायचे, व्यापारी पोत्याचं तोंड उघडून दाखवतो, तिथे नेहमी चांगलाच दाणा असतो. माल बघायचा तर पोत्याच्या बुडातला बघावा. “स्फटिक म्हणजे पोत्याचं तोंड,” मॅडम म्हणायच्या. “शंभरातला एक छान खडा निवडून तू त्याची रचना काढतोस. चुंबकत्व मात्र मोजतोस मूठभर पुडीचं. दोन्ही एकच वस्तू आहे हे कुणी सांगितलं तुला?”

हे मी पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा वहीत लिहून घेतलं. मी वह्या फार सुंदर ठेवायचो.

चौथ्या वर्षी माझं संयुग जमलं. गडद निळ्या सुया, सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारख्या स्वच्छ. स्फटिक दुसऱ्या एका संस्थेत पाठवला, रचना आली. दोन तांबे, मध्ये ऑक्सिजनचे दोन पूल, कोन एकशे दोन अंशांच्या आसपास. म्हणजे चुंबकं विरुद्ध हवीत. पण चुंबकीय मापनाला पुरेल एवढा माल उरला नव्हता. मी घाईघाईने दुसरा घाणा केला, धुतला, आणि हवेत वाळायला दोन दिवस कोण थांबणार म्हणून ओव्हनमध्ये टाकला. पूड मोजून आली. चुंबकं एकाच दिशेला तोंड करून उभी. जगाने तपासलेला नियम घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर मोडला होता, आणि तो मी मोडला होता.

मी ही बातमी आधी मॅडमना सांगायला हवी होती. मी ती कमिटी सरांना सांगितली. कारण उघड होतं. विभागात एक कायम जागा भरायची होती आणि ती त्यांच्या हातात होती. मुलुंडच्या आमच्या एका खोलीत आई रोज ताट वाढताना म्हणायची, “शिकान शिकान म्हातारो होतलस, मगे पर्मनंट होतलस?” कमिटी सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये त्यांनी ‘आमच्या विभागाचा क्रांतिकारी शोध’ जाहीर केला. त्यांना त्यातला कोन डिग्रीत मोजतात की किलोत, तेही माहीत नसावं.

मॅडमना हे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळलं. त्यांनी मला बोलावलं. रागावल्या नाहीत. आलेख नाकाशी धरला. “असेल,” म्हणाल्या. मग टेबलावरची बाटली उजेडात धरली. “ही पूड निळी आहे का रे?”

“निळीच आहे, मॅडम.”

“मला जांभळट दिसते. स्फटिक असे होते?”

“बारीक वाटल्यावर रंग बदलतो ना थोडा.”

“असेल. पुडीचा एक्स-रे काढ. स्फटिकाच्या रचनेवरून जो नकाशा निघतो त्याच्याशी ताडून बघ. रेषा जुळल्या तर तू म्हणतोस ते खरं.”

मी ‘हो’ म्हणालो आणि तीन आठवडे काढला नाही. यंत्र बंद आहे, तारीख मिळत नाही, ताप आला. खरं कारण एकच होतं. मला भीती होती, आणि ज्याची भीती वाटते ते आपल्याला माहीत असतं. शेवटी मॅडमनी ती बाटली पर्समध्ये टाकली, रिक्षाने दुसऱ्या संस्थेत गेल्या आणि स्वतः रांगेत बसून एक्स-रे काढून आणला. रेषा जुळत नव्हत्या. निम्म्या भलत्याच जागी होत्या. ओव्हनमध्ये स्फटिकातलं पाणी उडून गेलं होतं आणि संयुगाने आपली मांडणीच बदलली होती. मी रचना एकाची सांगत होतो आणि चुंबकत्व दुसऱ्याचं.

कमिटी सरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघे बसलो. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सरांनी ते बघण्याचे कष्टही घेतले नाहीत.

“मॅडम, आता जाहीर झालंय. प्राचार्यांनी वर कळवलंय. छापून टाकू. पुडी तपासायला कोण येतंय इथे?”

“मी आले ना,” मॅडम म्हणाल्या.

“तुम्ही आपल्यातल्याच आहात.”

“नाही, सर. तुमच्यातली मी कधीच नव्हते. माझं नाव काढा.”

त्या उठल्या. दाराशी थांबून माझ्याकडे बघितलं. मी उठेन असं त्यांना वाटलं असावं. मी टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या झाडाकडे बघत बसून राहिलो. त्या झाडावर धूळ होती, एवढं आठवतं. माझ्याबद्दल सांगण्यासारखी याहून हलकी गोष्ट माझ्याकडे नाही, म्हणून सांगून टाकतो.

पेपर मॅडमच्या नावाशिवाय नियतकालिकाकडे गेला. माझं नाव पहिलं, कमिटी सरांचं दुसरं. मॅडम रोज दहाला यायच्या, आपलं काम करायच्या, मला लागेल ते रसायन सही करून द्यायच्या. त्या विषयावर एक अक्षर नाही. मी समोरून गेलो तर ‘गुड मॉर्निंग’ला ‘गुड मॉर्निंग’. मी मनातल्या मनात त्यांना खडूस म्हणायचो, हट्टी म्हणायचो. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन तत्त्वं सांभाळणं सोपं असतं, असं एक लांबलचक भाषणही मी आंघोळ करताना तयार केलं होतं. ते फार छान होतं. कुणापुढे केलं नाही.

दीड महिन्याने परीक्षकाचं उत्तर आलं. कौतुक दोन ओळी, आणि खाली एकच मागणी: पुडीचा एक्स-रे जोडावा. पोत्याच्या बुडात बघणारी आणखी एक व्यक्ती जगात कुठेतरी बसली होती. मी ते पत्र घेऊन कमिटी सरांकडे गेलो. त्यांना यात काहीच अवघड दिसलं नाही. “अरे, सॉफ्टवेअर काढतं ना नकाशा स्फटिकावरून? तोच घे, थोडा खराब कर, मशीनमधून आल्यासारखा दिसला म्हणजे झालं. यार, एवढं तर येतं ना तुला?”

एवढं येत होतं. शनिवारी दुपारी मी लॅपटॉपवर बसलो. गणिताने काढलेल्या रेषा आखीव असतात. खऱ्या यंत्रातून आलेल्या रेषा किंचित थरथरतात, त्याला आम्ही नॉइज म्हणतो. मी तो नॉइज मिसळला. वीस मिनिटं लागली. पडद्यावर एक उत्तम खोटा आलेख उभा राहिला. आतापर्यंत मी चूक झाकत होतो. हे मी बनवलं होतं, हाताने. सोमवारी तो पाठवायचा होता.

रविवारी सकाळी मी चेंबूरला गेलो. मॅडम आईबरोबर राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांच्या आईने उघडलं. बैठकीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मॅडम जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. त्यांनी मला बघून काही विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं, उभ्याउभ्या. त्यांचे हात चालूच होते.

“बनवलास?”

“हो.”

“कसा दिसतो?”

“खऱ्यासारखा.”

“दाखव.”

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर ढकलला, पडद्याशी वाकल्या आणि बराच वेळ बघितलं. मग परत मेथीकडे वळल्या.

“उंच रेषांवर आणि रिकाम्या जागेत नॉइज सारखाच टाकलायस. यंत्र असं करत नाही. मोजणी जास्त तिथे थरथर जास्त. खोटंसुद्धा नीट येत नाही तुला, परब.”

मला रडू आलं. सव्वीस वर्षांचा घोडा, परक्या घरात, मेथीच्या ढिगाऱ्यासमोर. त्यांच्या आई आतून बाहेर आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, “काय बोलली वं त्याला? पोरगं जेवलं का, ते तरी विचार.” मॅडम म्हणाल्या, “जेवेल. आधी तो आलेख पुसू दे.” मी त्यांच्यासमोर फाइल पुसली. मग भाकरी आणि मेथी जेवलो. निघताना त्या म्हणाल्या, “उद्या दहाला ये. पहिल्यापासून करू.”

सोमवारी मी संपादकांना पेपर मागे घेत असल्याचं कळवलं. कमिटी सरांनी मला केबिनमध्ये बोलावून कृतघ्न, भेकड आणि मूर्ख म्हटलं. त्यातला शेवटचा शब्द मला मान्य होता. जागेच्या मुलाखतीला मी गेलो. मला दोन प्रश्न विचारले: नाव काय आणि राहता कुठे. जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचे पेपर पुष्कळ होते. मी त्यातले चार वाचले आणि पाचवा वाचण्याची हिंमत झाली नाही.

मॅडमनी आणि मी ते काम पुन्हा केलं. निळं संयुग वेगळं केलं, जांभळट वेगळं. जांभळटाचा स्फटिक काही केल्या वाढेना. पाणी टाळून, वेगवेगळ्या द्रावकांत, आठ महिने. सव्वीस बाटल्यांत नुसता चिखल. सत्ताविसावीत खडे आले. कोन शहाण्णव अंशांच्या जरा खाली. म्हणजे चुंबकं एकाच दिशेला, अगदी नियमात सांगितल्याप्रमाणे. निळ्याचंही नीट मोजलं, तीही नियमाप्रमाणे विरुद्ध. कुणी काही मोडलं नव्हतं. क्रांती वगैरे काही नव्हतं, पाणी गेलं की कोन कसा बदलतो एवढीच गोष्ट होती. एका मध्यम नियतकालिकात ती छापून आली. मसुद्यात मी ‘अभिनव’ लिहिलं नव्हतं. मॅडमनी तरीही तो शब्द दोनदा शोधला.

त्यावर मला पीएच.डी. मिळाली. कॉलेजची नोकरी मिळाली नाही. आता मी मालाडच्या एका कंपनीत औषधांचे नमुने तपासतो. आईच्या दृष्टीने मी पर्मनंट आहे, ते पुरे आहे. कमिटी सर यथावकाश प्राचार्य झाले. मॅडमच्या निरोपसमारंभात त्यांनीच भाषण केलं आणि ‘संशोधनातली सचोटी’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की पुढच्या रांगेतल्या लोकांना मॅडम दुसरं काही करायच्या की नाही अशी शंका यावी. उत्तरादाखल मॅडम उठल्या, म्हणाल्या, “प्राचार्य सरांना माझं काम आवडत होतं हे आज कळलं. आधी कळलं असतं तर एक नवा ओव्हन मागितला असता.” आणि बसल्या.

आई गेल्यावर मॅडमनी चेंबूरची जागा सोडून गावाकडे भावाजवळ जायचं ठरवलं. मी सामान बांधायला गेलो होतो. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आम्ही दोघं जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यांत भरत होतो. मला खूप दिवसांपासून एक विचारायचं होतं.

“मॅडम, त्या रविवारी मी आलो नसतो तर?”

“तर सोमवारी पत्र टाकलं असतं. संपादकांना आणि विद्यापीठाला. परीक्षकाने एक्स-रे मागितल्याचं कानावर आलं, तेव्हाच लिहून ठेवलं होतं.”

इतकी वर्षं माझी समजूत होती की त्या वाट बघत होत्या. मी येईन याची त्यांना खात्री होती, असंही मी एक-दोन मित्रांना सांगितलं होतं.

“तुम्हाला वाटलं होतं मी येईन?”

“नाही,” त्या म्हणाल्या. जराही न थांबता. “तू त्या दिवशी केबिनमध्ये बसून राहिलास. मग का वाटेल?”

“पत्रात माझं नाव होतं?”

“पहिलं तुझंच होतं. बाटली तू भरलीस, आलेख तुझा. सरांचं दुसरं.” त्यांनी एक जाड पुस्तक फडक्याने पुसून माझ्याकडे दिलं. “लिहिताना फार वाईट वाटलं, रे. तीनदा लिहिलं. पण नाव काढता येईना.”

त्यांना वाईट वाटल्याचं त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी पुस्तक खोक्यात ठेवलं. म्हणालो, “बरोबरच होतं ते.”

“हो,” मॅडम म्हणाल्या, आणि सुतळी पुढे केली. “धर घट्ट. मी गाठ मारते.”